काल्पनिक जगातील देवालाही गाव लागते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जपानी पुराणकथांच्या प्रेरणेने रचलेल्या काल्पनिक जगांची ओढ आता केवळ मुंबई-पुण्याच्या मुलांपुरती राहिलेली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून काम करते. आठवी-नववीपासून कॉलेजपर्यंतची मुले आमच्याकडे मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मागायला येतात, मोबाईलवर पाहिलेल्या जपानी चलचित्रकथांविषयी, म्हणजे अ‍ॅनिमेविषयी बाहेरच्या पडवीत तासन्‌तास बोलत बसतात आणि त्यांतील काही जण स्वतः कथाही लिहितात. वहीच्या मागच्या पानांवर सुरू झालेल्या या कथा कधी कधी आख्खी वही व्यापतात. त्यांत लाल कमानी असतात, नऊ शेपट्यांचे कोल्हे असतात, मुखवटे घातलेली भुते असतात आणि डोंगराच्या पोटात झोपी गेलेला एखादा प्राचीन देवही असतो. मराठीत लिहिण्याची ही हौस मला मनापासून मोलाची वाटते. म्हणूनच या लेखनाविषयी, आणि त्याच्या स्पर्धा भरवणाऱ्या व ते छापणाऱ्या मंडळींसाठीही, एक गोष्ट आपल्या वृत्तपत्रातून मांडावी असे वाटले.

या कथांतील देव आणि भुते बहुधा एकाच साच्यातून निघालेली असतात. देव म्हणजे मोठ्या ताकदीचा योद्धा, भूत म्हणजे त्याहून कमी ताकदीचा योद्धा आणि नायक म्हणजे क्रमाक्रमाने दोघांनाही हरवत वर चढणारा मुलगा. मोबाईलवरील खेळांत प्रत्येक देवाला शक्तीचा आकडा दिलेला असतो. तोच हिशेब कथेत उतरतो. तो देव कोणत्या गावचा, त्याच्या हद्दीत काय येते, त्याला कोण काय देते, त्याने कोणाला काय द्यायचे ठरले आहे, तो रुसला तर नेमके काय थांबते, यांपैकी कशाचाच पत्ता लागत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की जपानी परंपरेतील देवांचे आणि भुतांचे बळ त्यांच्या हद्दीत आणि देण्याघेण्यात साठलेले आहे. ते काढून घेतले की हाती उरतात ती परकी नावे, आणि नुसत्या नावांवर उभारलेले जग चार प्रकरणांत पोकळ वाटू लागते.

जपानमधील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ ‘कोजिकी’ इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झाला आणि आठ वर्षांनी, ७२० मध्ये, ‘निहोन शोकी’ पूर्ण झाला. या धर्तीच्या बहुतेक काल्पनिक जगांचा धागा कुठून ना कुठून या दोन ग्रंथांपर्यंत जातो. त्यांत लढाया आहेतच. सुसानोओ हा वादळी स्वभावाचा देव आठ डोक्यांच्या सर्पाला मद्य पाजून मारतो, ही गोष्ट आमच्या वाचनालयातील मुलांना तोंडपाठ आहे. त्याआधी त्याला स्वर्गातून हाकलले गेले ते कशासाठी, हे मात्र त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. त्याने आपल्या बहिणीच्या, म्हणजे सूर्यदेवी अमातेरासूच्या, भातखाचरांचे बांध मोडले होते आणि पाण्याचे पाट बुजवले होते. बांध मोडणे हा तिथे देवाचाही अपराध ठरतो. भातशेतीवर जगणाऱ्या समाजाने रचलेली ही कथा आहे, आणि बांधावरून सख्ख्या भावांत काय काय घडते हे ज्याने कोकणात पाहिले आहे त्याला सुसानोओचा गुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

रागावलेली अमातेरासू गुहेत जाऊन बसते आणि जग अंधारते, तेव्हा सगळे देव नदीच्या पात्रात जमून विचारविनिमय करतात. एखाद्या गावाची बैठक भरावी तसे हे वर्णन आहे. उझुमे ही देवी नाचते, देव हसतात, हसणे कशाचे हे पाहायला सूर्यदेवी दार किंचित उघडते आणि तिला बाहेर ओढले जाते. लगेच एक देव तिच्या पाठीमागे दोरी ताणून धरतो आणि सांगतो, याच्या पलीकडे आता परत जायचे नाही. सूर्याला बळाने अडवता आले नसते. दोरीने अडवता आले, कारण ती हद्द होती आणि हद्द देवावरही बंधनकारक होती. भाताच्या पेंढ्याची वळलेली अशी दोरी आजही जपानमध्ये पवित्र वृक्षांना, खडकांना आणि देवस्थानांच्या दारांना बांधलेली असते. मुलांच्या कथांत ही दोरी शोभेपुरती येते. नायक तलवारीने ती सहज तोडतो आणि काहीच होत नाही, तेव्हा लेखकाने आपल्याच जगाचा पाया उपटून टाकलेला असतो.

मृतांच्या प्रदेशाची कथाही अशीच आहे. इझानागी आपल्या मृत पत्नीला, इझानामीला, परत आणायला जातो. तिने तिथले अन्न खाल्लेले असल्याने तिचे येणे आधीच कठीण झालेले असते. पाहू नकोस असे सांगूनही तो तिला पाहतो, तिचे कुजलेले रूप बघून पळत सुटतो आणि वाटेवर मोठी शिळा लोटतो. त्या शिळेच्या दोन बाजूंना उभे राहून ती दोघे एकमेकांना बजावतात: ती म्हणते, तुझ्या देशातील एक हजार माणसे मी रोज मारीन, तो म्हणतो, मग मी रोज दीड हजार बाळंतघरे उभारीन. जगात माणसे का मरतात आणि तरी का वाढतात, याचे उत्तर तिथे एका मोडलेल्या संसाराच्या वाटणीपत्रासारखे दिलेले आहे. यात जिंकणारा कोणी नाही, तरी तेराशे वर्षे ही कथा टिकून आहे.

अठराव्या शतकातील पंडित मोतोओरी नोरिनागा यांनी जपानी देवांविषयी असे लिहिले की पशुपक्षी, झाडे, समुद्र, डोंगर, जे जे नेहमीपेक्षा वेगळे आणि मनात धाक उत्पन्न करणारे, ते ते देवरूप. आणि त्यात चांगल्याइतकेच वाईटही येते. पुढे लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी असे मत मांडले की अनेक भुते हे मुळात पूजा थांबलेले, मान हरवलेले देव आहेत. नंतरच्या अभ्यासकांनी हे मत जसेच्या तसे स्वीकारले नाही. तरी कथाकाराला त्यातून मिळणारी गोष्ट मोठी आहे: देव आणि भूत यांच्यातील अंतर स्वभावाचे नसून संबंधाचे असू शकते. नदीत राहणारा काप्पा हा भूतप्रकार घ्या. डोक्यावरच्या खळग्यात पाणी असेपर्यंत तो बलवान असतो, माणसांना आणि घोड्यांना पाण्यात ओढतो; पण तो रीतीला इतका बांधलेला असतो की समोरच्याने वाकून नमस्कार केला की तोही वाकतो आणि पाणी सांडून निर्बळ होतो. हात तुटलेला काप्पा हात परत मिळावा म्हणून गावाला त्रास न देण्याचे लेखी वचन देतो, हाडे बसवण्याची विद्या शिकवतो, अशाही कथा आहेत. वचन देणारे आणि ते पाळणारे भूत हे शंभर वेळा मारल्या जाणाऱ्या भुतापेक्षा मला कथेसाठी कितीतरी समृद्ध वाटते.

हे सगळे कोकणातील मुलांना परके वाटण्याचे कारण नाही. आमच्याकडे गावाच्या सीमेवरचा राखणदार, पाणंदीतला देवचार, खाडीच्या वळणावरचा गिऱ्हा, पिंपळावरचा मुंज्या, रात्री वाट चुकवणारा चकवा यांची ठिकाणे माणसांना पाठ असतात. देवचार हा देव की भूत, असा प्रश्न गावात कोणी विचारत नाही. त्याचे थळ कोणते आणि त्याला वर्षाला काय द्यायचे, एवढे ठाऊक असले की पुरते. आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठाले चामडी जोडे अर्पण करतात, कारण तो रात्री गावाच्या हद्दीत फिरतो आणि त्याचे जोडे झिजतात अशी श्रद्धा आहे. एका जोड्याने तो देव किती स्पष्ट उभा राहतो पाहा. त्याचे काम कळते, त्याची वेळ कळते, त्याची हद्द कळते आणि गावाने त्याच्यासाठी काय करायचे तेही कळते. शक्तीचा आकडा यातले काहीच सांगू शकत नाही.

पश्चिम जपानमधील इझुमो येथील प्रथा या दृष्टीने मुद्दाम सांगण्याजोगी आहे. जुन्या पंचांगातील दहाव्या महिन्यात जपानभरचे देव इझुमोच्या मोठ्या देवस्थानी सभेला जमतात, असे मानतात. त्यामुळे इतरत्र तो महिना देवांविना असलेला महिना म्हणून ओळखला जातो आणि इझुमोत मात्र देव असलेला महिना म्हणून. देव समुद्रमार्गे येतात, म्हणून इनासाच्या किनाऱ्यावर रात्री शेकोट्या पेटवून त्यांचे स्वागत करतात. देवस्थानात त्यांच्या मुक्कामासाठी लांबट घरे आहेत. आणि सभेच्या दिवसांत आसपासची माणसे गाणेबजावणे आणि बांधकाम टाळून शांतता पाळत आली आहेत. आता आपल्या मालवण तालुक्यातील आचऱ्याची गावपळण आठवावी. रामेश्वराचा कौल झाला की माणसे गुरेढोरे, कोंबड्याकुत्र्यांसह वेशीबाहेर जातात, तीन दिवस तीन रात्री झोपड्यांत राहतात, आणि पुन्हा कौल मिळाल्यावरच परततात. तिथे देव सभेसाठी गाव सोडतात. इथे माणसे देवासाठी गाव सोडतात. एखाद्या मुलाने या दोन प्रथा शेजारी ठेवून कथा रचली, रिकाम्या गावात त्या तीन रात्री कोण कोण वावरते याचा विचार केला, तर त्याला कोणाचीही नक्कल करावी लागणार नाही.

देवाशी बोलण्याची रीतही अशीच शिकण्यासारखी आहे. इ. स. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या जपानी विधिग्रंथात देवांपुढे म्हणायची प्राचीन निवेदने जपून ठेवलेली आहेत. त्यांतील पेरणीपूर्वीच्या निवेदनात देवाला सरळ सांगितलेले आहे की तू भरघोस पीक दिलेस तर पहिल्या कणसांचा ढीग तुझ्यापुढे रचू, आणि मग अर्पणाची यादी येते: रानातली गोड पाने आणि कडू पाने, निळ्या समुद्रातले रुंद पराचे आणि अरुंद पराचे मासे, खोल पाण्यातले आणि किनाऱ्यालगतचे शेवाळ. यादी म्हणता म्हणता त्या देशाचे डोंगर आणि समुद्र समोर उभे राहतात. आमच्या देवळांत घातले जाणारे गाऱ्हाणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या निवेदनाची चाल चटकन ओळखू येईल. ‘बा देवा महाराजा’ म्हणून सुरुवात होते, मग गावातली थळे, बारा-पाचाचे मानकरी, आलागेला, चुकलामाकला यांची नावे येतात, लेकरावर काय संकट आहे आणि देवाने काय करायचे आहे ते उघड सांगितले जाते, आणि दर वाक्याला जमलेली माणसे ‘व्हय महाराजा’ म्हणून साक्ष देतात. हे करुणा भाकणे आहे, त्याबरोबर हक्काने केलेली मागणीही आहे. आमच्या मुलांच्या कथांतील पुजारी देवाला आवाहन करताना मात्र कुठल्यातरी इंग्रजी खेळातून उचललेले दोन शब्द ओरडतात. ज्यांच्या कानावर लहानपणापासून गाऱ्हाणे पडले आहे त्यांनी असे लिहावे याचे मला वाईट वाटते, कारण काल्पनिक देवाशी बोलायची भाषा त्यांच्याजवळ तयार आहे.

किनाऱ्यावरच्या लेखकाला सर्वांत जवळची वाटावी अशी कोजिकीतील कथा दोन भावांची आहे. एक मासेमारी करणारा, दुसरा शिकार करणारा. धाकटा भाऊ हट्टाने थोरल्याचा गळ मागून घेतो आणि समुद्रात हरवून बसतो. आपली तलवार मोडून तो पाचशे गळ करून देतो, मग हजार करून देतो. थोरला म्हणतो, मला माझाच गळ हवा. एवढ्या एका देण्यापायी धाकटा समुद्रदेवाच्या महालापर्यंत जातो. तिथे ताय माशाच्या घशात गळ सापडतो, समुद्रदेवाची मुलगी तोयोतामा त्याची पत्नी होते, आणि परतताना त्याला दोन रत्ने मिळतात: एक भरती आणणारे आणि एक ओहोटी आणणारे. पुढे तोयोतामा बाळंतपणासाठी किनाऱ्यावर येते, पाणकावळ्याच्या पिसांनी शाकारलेल्या खोपटात शिरते आणि पाहू नये म्हणून बजावते. तो पाहतो. तिचे समुद्री जनावराचे मूळ रूप दिसल्याने ती लाजेने मूल तिथेच ठेवून निघून जाते आणि समुद्राची वेस बंद करते. त्याआधी समुद्र आणि जमीन यांच्यात येणेजाणे होते, त्यानंतर राहिले नाही.

नारळी पौर्णिमेला सोन्याचा मुलामा दिलेला किंवा साधा नारळ दर्याला देऊन मगच होड्या लोटणाऱ्या गाबीत, खारवी आणि कोळी समाजांतील मुलांना या कथेत आपला समुद्र दिसावा. जपानी मच्छीमारांचा एबिसू हाही असाच आपला वाटणारा देव आहे. हातात गळ आणि काखेत मासा असे त्याचे रूप. समुद्रातून वाहत आलेल्या अनोळखी वस्तूला, काही ठिकाणी तर वाहत आलेल्या प्रेतालाही, त्याचे नाव देऊन मानाने किनाऱ्यावर घेण्याची रीत होती. सगळे देव इझुमोला गेले तरी एबिसू मागे राहून गाव सांभाळतो, असेही अनेक ठिकाणी मानतात. आणि जे बुडाले, ज्यांना कोणी किनाऱ्यावर घेतले नाही, ते नौकांची भुते होऊन रात्री होडीजवळ येतात आणि पाणी उपसायचा डाव मागतात. बूड असलेला डाव दिला तर त्यानेच ते पाणी ओतून होडी बुडवतात. म्हणून जाणते नाखवे बूड नसलेला डाव जवळ ठेवतात. त्या भुताला कोणी मारत नाही. ते मागते, त्याला दिले जाते, आणि दोन्ही बाजूंचा मान राहून होडी घरी येते. दर पावसाळ्याच्या तोंडाशी बुडालेल्या माणसांच्या बातम्या वाचणाऱ्या किनाऱ्यावर या कथेचे मोल कोणाला सांगायला हवे असे मला वाटत नाही.

रुष्ट आत्म्यांविषयी थोडेसेच लिहिते. सुगावारा नो मिचिझाने या विद्वान मंत्र्याला खोट्या आरोपावरून दूर दाझाइफूला धाडण्यात आले आणि ९०३ मध्ये तो तिथेच वारला. पुढे राजधानीत मृत्यू झाले, ९३० मध्ये राजवाड्यावर वीज पडली, आणि हा त्याचाच कोप असे मानून त्याला देवपद दिले गेले. आज परीक्षेला बसणारे विद्यार्थी विद्येचा देव म्हणून त्याच्यापुढे हात जोडतात. अन्यायाची भरपाई झाली तेव्हा कोप शमला, हा या कथेचा गाभा आहे. खलनायक रचणाऱ्या प्रत्येक तरुण लेखकाने स्वतःला विचारावे की या आत्म्याचे कोणाकडे काय येणे राहिले आहे. उत्तर सापडले तर त्याला शेवटची लढाई लिहावी लागेलच असे नाही.

आता देवराईविषयी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाविषयी, कारण देवाच्या हद्दीचा प्रश्न इथे कथेतून निघून आपल्या दारात येतो. १९०६ मध्ये जपानच्या सरकारने गावोगावची छोटी देवस्थाने एकत्र करून साधारणपणे एका गावाला एकच देवस्थान ठेवण्याचे धोरण आणले. काही वर्षांत सुमारे सत्तर हजार देवस्थाने नाहीशी झाली, आणि त्यांच्याभोवतीच्या राया तोडून लाकूड विकले गेले. वाकायामा प्रांतातील तानाबे येथे राहणारे निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसू याविरुद्ध उभे राहिले. राईतल्या कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांचा अभ्यास करणारा हा माणूस. त्याने स्थानिक वृत्तपत्रातून सतत लेख लिहिले, अभ्यासकांना लांबलचक पत्रे पाठवली, १९१० मध्ये या लढ्यापायी काही दिवस कोठडीही भोगली. राई गेली की पक्षी जातात, पक्षी गेले की शेतातली कीड वाढते, किनाऱ्यावरची झाडी गेली की तिच्या सावलीला येणारे मासे दूर जातात, आणि गावाला एकत्र बांधणारे ठिकाणही जाते, असे त्यांचे म्हणणे होते. तानाबेच्या उपसागरातील काशिमा बेटावरची झाडी वाचली. १९२९ मध्ये जपानचे सम्राट ती पाहायला आले तेव्हा कुमागुसूंनीच त्यांना माहिती दिली. जपानी काल्पनिक कथांत जंगलाचा देव दुबळा होत जातो, विसरला जातो, असे जे वारंवार दिसते त्याच्यामागे असा खरा इतिहासही आहे.

आपल्याकडे राईतली वाळकी काटकीसुद्धा देवाला विचारल्यावाचून उचलायची नाही, हा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. जपानच्या ओकिनोशिमा या पवित्र बेटावरूनही गवताची काडी न्यायची नाही असाच नियम आहे, आणि तिथे शतकानुशतके अर्पण केलेल्या हजारो वस्तू त्यामुळे जागेवर राहिल्या; २०१७ मध्ये ते बेट जागतिक वारसा ठरले. आमच्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानटी जायफळाच्या झाडांची दुर्मीळ दलदल टिकली ती राईतच. दुसरीकडे जीर्णोद्धार करताना मंडपासाठी आणि गाड्या लावण्यासाठी राईतली जुनी झाडे तोडली जातात, फरशी बसवली जाते, आणि देवाला मोठे घर मिळाले म्हणून सगळे समाधानी होतात. त्याची हद्द मात्र आपण खाल्लेली असते. काल्पनिक कथेत राईच्या देवाविषयी मनापासून वाचणारे-लिहिणारे मूल उद्या ग्रामसभेत या झाडांविषयी बोलू शकेल, असा माझा विश्वास आहे.

अशा कथांनी अंधश्रद्धा वाढते, असा आक्षेप आमच्या वाचनालयातही काही ज्येष्ठ सभासदांनी घेतला, आणि तो मी गांभीर्यानेच घेते. जादूटोण्याच्या नावाखाली माणसांचा, विशेषतः एकट्या बाईचा, किती छळ होतो हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सहजासहजी आलेला नाही. जपानमध्येही इझुमोच्या परिसरात काही घराण्यांवर कोल्ह्याचे भूत बाळगत असल्याचा शिक्का बसला होता आणि त्या घरांत सोयरीक करायला लोक नकार देत. म्हणूनच मी म्हणते की काल्पनिक जग रचणाऱ्याने ही बाजूही लिहावी. कोल्हा-देव सुंदर आहे म्हणून त्याच्या नावाने वाळीत पडलेल्या मुलीची कथा टाळू नये. देव आणि भुते यांचे जग प्रामाणिकपणे मांडले तर भीती कोण पसरवतो आणि तिचा लाभ कोणाला होतो हेही त्यात दिसते; कथेवर बंदी घालून ते दिसणार नाही.

उलट बाजूनेही एक सवय जडलेली आहे. जपानची बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, कांगितेन म्हणजे गणपती, हे कळल्याबरोबर सगळे इथूनच गेले असे म्हणून पुस्तक मिटायचे. हे देव बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेले हे खरे आहे. पण तिथे पोहोचल्यावर त्यांना तिथली बेटे, तिथले झरे आणि तिथली माणसे मिळाली, त्यांनी नवी कामे अंगावर घेतली, आणि ते तिथले झाले. तेवढा मान आपण द्यायला हवा, आणि जपानी धर्तीवर लिहिताना तो देश खरोखर वाचून लिहायला हवा.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी विनंती आहे ती यासाठी. मुलांच्या पुरवणीत अशा कथांना जागा द्यावी, आणि निवड करताना लढाई किती रंगली यापेक्षा कथेतील देवाची हद्द, त्याचा मान आणि त्याचे वचन लेखकाने किती विचारपूर्वक रचले आहे हे पाहावे. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी परीक्षकांत दशावतारातील एखादा जाणता कलावंत, गाऱ्हाणे घालणारा एखादा मानकरी किंवा राया अभ्यासणारा वनस्पतिशास्त्राचा शिक्षक घ्यावा. काल्पनिक जगातील देव खरा उतरला आहे की नाही हे त्यांना चटकन कळेल. प्रकाशकांनी कोजिकीतील कथांचे मुलांना वाचता येईल असे सटीप मराठी पुस्तक काढावे. वाचनालये ते नक्की घेतील, आमचे तर घेईलच. पुरवणीने पहिल्या कथा मागवल्या तर आमच्या पडवीत बसणाऱ्या मुलांच्या वह्या घेऊन त्यांतल्या निवडक कथा त्यांच्याकडून पुन्हा लिहून घेण्याचे आणि आपल्याकडे वेळेत पाठवण्याचे काम मी आनंदाने करीन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल
जि. सिंधुदुर्ग